तिसरी खाच

"कोण गेलं रे?" नानांनी आल्या आल्या विचारलं.

कोणी गेलं नव्हतं. गाडीच्या मागच्या सीटवरून सायकलचा रॅक काढून मी फुटपाथवर पसरला होता. दोन लोखंडी दांडे, एक वाकवलेली नळी, सहा काळे पट्टे. तिन्हीसांजेच्या उजेडात ते तिरडीसारखं दिसत होतं, हे मलाही मान्य आहे.

"सायकली न्यायला आहे, नाना. गाडीच्या डिकीवर बांधतात."

"म्हणजे आता सायकलीला गाडी लागते?"

कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर शनिवारी संध्याकाळी चहाच्या टपरीपाशी पाच-सहा जण असतातच. नाना वीज मंडळातून निवृत्त. मंडळाचं महावितरण झालं तरी ते अजून मंडळच म्हणतात. सलीमभाईंचं कर्वेनगरात गॅरेज. मास्तर खरेच मास्तर, शाळेत इतिहास शिकवतात. मन्या आयटीत आणि आप्पा बँकेत. रॅक मी बाणेरच्या एका गृहस्थाकडून साडेतीन हजारांना जुना उचलला होता. तीन सायकलींचा. बांधायचा कसा हे सलीमभाईंना विचारावं, एवढ्याच हेतूने कट्ट्यावर आणला. ती चूक झाली. कट्ट्यावर वस्तू दाखवायला आणायची नसते, कारण मग ती आपली राहत नाही.

"मी सदाशिव पेठेतून रास्ता पेठेत पॉवर हाउसला सायकलने जायचो," नाना सुरू झाले. "पुढे हँडलला डबा, मागे कॅरिअरवर धाकटा. दिवा नसला तर हवालदार हवा सोडायचा, डबलसीट दिसलं की दंड वेगळा. पण सायकल कोणी गाडीवर बसवून फिरायला नेली नाही."

"नाना, तुमच्या वाटेत चांदणी चौक नव्हता."

हे मात्र खरं कारण. मुलगी बारा वर्षांची आहे, तिला घाटरस्त्यावर सायकल मारायची हौस आलीय. मुळशीच्या पाण्याकडेने ताम्हिणीच्या दिशेला जाणारा रस्ता पाहिला की तिथे कोणालाही सायकल चालवाविशी वाटेल. पण तिथवर पोचायचं कसं? ऑगस्ट २०२३ मध्ये चांदणी चौकाचा नवा पूल सुरू झाला, गाड्यांचं भलं झालं. त्या रॅम्पांच्या गुंत्यातून पोरीला पुढे घालून सायकल काढायची माझी छाती नाही. मग भूगाव, मग पिरंगुट, मग डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर. पौड ओलांडेपर्यंत सगळा जीव मुठीत. त्यापेक्षा गाडीने पौडच्या पुढे जावं, गाडी लावावी आणि तिथून सायकली काढाव्यात, असा माझा हिशेब.

"मग डिकीत टाक की," आप्पा म्हणाला.

"सीएनजीची आहे." यावर कोणी काही बोललं नाही. सीएनजीवाल्याच्या डिकीचं दुःख सगळ्यांना माहीत. साठ लिटरची टाकी आडवी पडलेली, तिच्या कडेने फार तर एक छत्री आणि चपला. सीट पाडून उपयोग नाही, टाकी आडवी येते. पुढचं चाक काढून एक सायकल मागच्या सीटवर कशीबशी झोपवता येते. दुसरी आणि पोरगी यांतलं एक घरी ठेवावं लागतं.

मन्या टपावरच्या रॅकचा माणूस. "डिकीचे पट्टे म्हणजे जुगाड. छतावर आडवे बार टाकायचे, त्यावर पन्हळ, सायकल ताठ उभी. मागचं सगळं दिसतं, डिकी उघडते, नंबर प्लेट मोकळी."

"आणि सोसायटीचं बेसमेंट?" सलीमभाईंनी चहाच्या ग्लासाआडून विचारलं.

मन्या गप्प. ती गोष्ट कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे, तरी दर दोन महिन्यांनी ती पुन्हा निघते. दोन वर्षांपूर्वी लोणावळ्याहून परत येताना साहेबांनी वरची सायकल डोक्यातून काढून टाकली. एसी चालू, गाणी चालू. सोसायटीच्या तळघराच्या तोंडाशी आडवा पिवळा-काळा पाइप, दोन मीटर दहा सेंटिमीटरचा. गाडी दीड मीटर, वर सायकल एक मीटर. बेरीज करायला आयटी लागत नाही. पाइप जागचा हलला नाही. सायकलचा पुढचा चिमटा वाकला, बार मागे सरकला आणि टपाला परात बसेल एवढा खड्डा. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने पहिला प्रश्न विचारला की हा बार पॉलिसीत दाखवला होता का. दाखवला नव्हता. बाहेरून बसवलेली अ‍ॅक्सेसरी वेगळी नोंदवून तिचा हप्ता भरला नसेल तर ती तुमच्या खिशातून, हे मन्याला त्या दिवशी कळलं.

"आता काय करतो माहितीये?" मन्या म्हणाला. "सायकल वर चढवली की स्टीअरिंगला रुमाल बांधतो."

"पदराला गाठ," मास्तर म्हणाले.

"पण सलीमभाई, वर बार टाकायला गाडीला रेल आहेतच की. हे चंदेरी दांडे." आप्पाने शेजारच्या एका गाडीकडे बोट दाखवलं.

सलीमभाई उठले, त्या गाडीपाशी गेले आणि रेलखाली बोट घालायला लागले. बोट गेलं नाही. "हे बघा. पुष्कळ गाड्यांना हे शोभेचे असतात. क्लिप आणि चिकटपट्टीवर बसवलेले. त्यावर सायकल टाकाल तर एक्सप्रेसवेला रेलसकट उडेल, मागच्याच्या काचेवर. खरे रेल खालून बॉडीला बोल्ट असतात. आणि खरे असले तरी छताला किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पन्नास, पंचाहत्तर, असं काहीतरी. त्यात बारचंही वजन आलं."

"पुस्तक कोण वाचतं!"

"म्हणून तर माझं गॅरेज चालतं."

नानांना एकदम फियाट आठवली. पद्मिनीच्या टपावर कॅरिअर, त्यावर होल्डॉल, पत्र्याची ट्रंक, परतीला फणस आणि आंब्याच्या पेट्या, सगळं सुंभाने आवळलेलं. "काही पडलं नाही कधी." सलीमभाईंनी समजावलं, की तिला छताच्या कडेने पावसाचं पाणी वाहायची पन्हळ होती, कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत अडकायचे. आताच्या गाड्यांना ती पन्हळच नाही. म्हणून प्रत्येक गाडीला वेगळा पाय, वेगळा क्लँप आणि वेगळी किंमत. क्लँपच्या किमतीचा आकडा मन्याने सांगितला तेव्हा टपरीवाल्यानेही मान वर करून बघितलं.

"त्या टूली कंपनीचे," मन्या म्हणाला.

"थुले," आप्पा.

"टूली म्हणतात. स्वीडिश आहे."

इथे मास्तरांना राहवलं नाही. त्यांना अशा गोष्टी कुठून माहीत असतात देव जाणे. १९४२ मध्ये एरिक थुलिन नावाच्या माणसाने ती काढली. पण तेव्हा गाडीचा संबंधच नव्हता. तो कोळ्यांसाठी पाइक नावाचे मासे पकडायचे सापळे विकायचा. टपावरचं सामान साठच्या दशकातलं.

"म्हणजे मूळ धंदा सापळ्याचाच," नाना म्हणाले. "मासा बदलला."

आता आप्पाची पाळी. आप्पाचं म्हणणं, रॅक टपावरचा असो की डिकीवरचा, घेऊच नये. दोन रविवार वापरशील, तिसऱ्या रविवारी तो माळ्यावर जाईल. हे तो अधिकाराने सांगत होता, कारण त्याच्या घरी ट्रेडमिल आहे.

ती २०२० मधली. जिम बंद, बागा बंद, डंबेल दुप्पट भावाने मिळत नाहीत अशी अवस्था. आप्पाने चार एचपीची ट्रेडमिल मागवली. पहिला महिना रोज अर्धा तास. मग खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, म्हणाल्या, सहाला आमची फडताळातली भांडी वाजतात, कोणी चाललंय का तुमच्याकडे? मग रबराची चटई आली. मग उन्हाळा आला, खोलीत एसी नव्हता. मग पट्टा कुरकुरायला लागला.

"चार एचपी?" नाना थांबले. "पिन कसली आहे तिची? सहा अँपिअरची का सोळाची?"

"साधी. मिक्सरची असते तशी."

"मग लिही. २३० व्होल्ट गुणिले सहा. १३८० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. भाग." नानांनी टपरीवाल्याच्या उधारीच्या वहीमागे खरोखर भागाकार करून दाखवला. "दोनसुद्धा येत नाहीत. मग चार एचपी तुला कुणी दिली? मंडळाने तर दिली नाही."

"खोक्यावर पीक एचपी लिहिलं होतं."

"पीक म्हणजे क्षणभर. तू क्षणभर पळणार आहेस का? सतत किती देते ते बघायचं असतं. ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच."

मला हे नवीन होतं. मन्यालाही, आणि त्याच्याकडे तर मशिनही आहे. त्याने लगेच घरी फोन करून बायकोला पिन बघायला सांगितली. सोळाची निघाली. मन्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते त्या मशिनवर पळूनही कधी आलं नसेल.

"पण बिघडली ती मोटरने नाही," आप्पा जरा खालच्या आवाजात म्हणाला. "तेलाने."

पट्ट्याखाली सिलिकॉनचं तेल घालायचं असतं. सोबत छोटी बाटली येते. ती हरवली. आप्पाने शिलाई मशिनचं तेल शोधलं, तेही नव्हतं. मग त्याने खोबरेल घातलं. शुद्ध, घाण्याचं. थंडी आली, खोबरेल गोठलं. पट्टा फळीला चिकटला, मोटर हुंकार देऊन बंद. मेकॅनिक म्हणाला, पट्टा आणि फळी दोन्ही बदला. आप्पाने दोन्ही बदलले आणि त्यानंतर तिच्यावर पाय ठेवला नाही. आता तिच्या एका हातावर टॉवेल, दुसऱ्यावर आप्पाच्या पँटी. पावसाळ्यात चादरीही. तो म्हणाला, चादरीला मात्र फार सोयीची आहे, मध्ये वारा खेळतो.

"तुम्हाला माहीत आहे का ती मुळात कशासाठी निघाली?" मास्तर. "तुरुंगासाठी. १८१८ साली इंग्लंडात, विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरने काढली. आडव्या आसावर मोठं चाक, त्याला पायऱ्या, कैदी ओळीने उभे, तासन् तास चढत राहायचे. पोचायचं कुठेच नाही. कुठे त्यावर धान्य दळायचे, कुठे नुसतीच हवा. १८९८ च्या कायद्याने ती शिक्षा बंद झाली."

"सरकारने माफ केली," नाना म्हणाले, "ती आप्पाने हप्त्यावर घेतली."

आप्पा हसला, पण त्याला लागलं असावं. त्याने नानांना विचारलं, "आणि तुमच्या मुद्गलांच्या जोडीचं काय, नाना? तालमीतून आणलेली? परवा तुमच्याकडे आलो तर एक मुद्गल दाराला टेकवलेला होता. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून."

नानांनी चहा मागवला. हाफ.

इथून खरा वाद सुरू झाला. सलीमभाई म्हणाले, तीस वर्षं लोकांच्या गाड्या बघतोय. वस्तू भारी का स्वस्त, याने काही होत नाही. ती कामाला लागायला किती मिनिटं लागतात ते बघा. ज्यांच्या गाडीला आकडा खालून चासीला कायमचा बोल्ट आहे आणि रॅक त्यात नुसता खोचायचा असतो, ते दर रविवारी दिसतात. ज्यांना सहा पट्टे आवळायचे असतात ते दिवाळीनंतर दिसत नाहीत. मला हे पटलं. माझ्या मनातही तेच होतं, मांडता येत नव्हतं इतकंच.

"चूक," आप्पा म्हणाला. "माझी ट्रेडमिल बघा. किती मिनिटं लागतात? शून्य. दिवाणखान्यात आहे, प्लग लावलेला आहे, बटण दाबलं की चालू. पाच वर्षांत कोण चढलं? मांजर."

याला उत्तर नव्हतं. सलीमभाईंनी डोकं खाजवलं. मास्तर म्हणाले की टॉवेल काढायला दोन मिनिटं लागतात, ती धरा. तो कोटीचा भाग झाला. मन्याने मात्र काही तरी नेमकं पकडलं, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, "ट्रेडमिलवर तुझी वाट कोण बघतं? कोणी नाही. माझी ग्रुपची राइड असते, पहाटे साडेपाचला चार जण गेटशी उभे. पट्ट्याला वीस मिनिटं लागली तरी पावणेपाचला उठून बांधतो, शिव्या देत बांधतो. ह्याची तर पोरगी उभी राहणार दारात हेल्मेट घालून. हा नाही कसा म्हणेल?"

"पोरगी पंधराची होईपर्यंत," आप्पा म्हणाला. मला तो दुष्ट वाटला क्षणभर. खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात ती स्वतःच दोन्ही सायकली एकेक करून घेऊन आली, आणि वाद तिथेच राहून प्रत्यक्ष बांधायलाच सुरुवात झाली. तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

सलीमभाईंनी आधी ओलं फडकं मागितलं. "धूळ पुसल्याशिवाय रबर टेकवाल तर दोन तासांत त्याचा पॉलिश पेपर होतो. रंग जातो." डिकीची कड, रॅकच्या गाद्या, दोन्ही पुसल्या. मग आकडे. वरचे दोन डिकीच्या वरच्या पत्र्याच्या कडेला, काचेला नाही आणि वरच्या काळ्या स्पॉयलरला तर मुळीच नाही, तो प्लॅस्टिकचा. खालचे दोन डिकीच्या खालच्या कडेला, शेवटी बाजूचे. एकेक पट्टा थोडा थोडा आवळायचा, एकच पिळून काढायचा नाही. मग त्यांनी रॅक धरून हिसका दिला. गाडी हलली, रॅक हलला नाही. "हे पाहिजे. रॅक हलला आणि गाडी नाही, तर परत करा."

आता सायकली. माझी जड, साधी स्टीलची, वजनकाट्यावर सतरा किलो भरते. रॅकच्या चिठ्ठीवर एका सायकलला पंधरा किलो लिहिलंय. सलीमभाई म्हणाले, तिकडे हलक्या सायकलींचा हिशेब धरलाय, आपल्याकडे गिअरची बरीचशी त्याहून जडच. दोनच लावतोयस म्हणून बसतंय, जड ती गाडीला चिकटून, हलकी बाहेर. माझं पेडल पोरीच्या सायकलच्या रंगावर घासणार होतं, तिथे जुनी ट्यूब गुंडाळली. तिच्या सायकलचा मधला दांडा तिरका, त्यामुळे ती खाचेत नीट बसेना, पुढचं चाक खाली सायलेन्सरच्या तोंडासमोर आलं. मन्या ओरडलाच. त्याच्या ओळखीच्या एकाचा टायर असाच मुळशीपर्यंत भाजून निघाला होता. मग सायकल उलटी फिरवली, मागचं चाक त्या बाजूला आणि वर. हँडल फिरू नये म्हणून चाक फ्रेमला बांधलं.

"तेवीस मिनिटं," पोरीने सांगितलं.

मन्या दहा पावलं मागे जाऊन उभा राहिला. "नंबरचे शेवटचे दोन आकडे चाकाआड."

ही नवी हाय सिक्युरिटी प्लेट मी गेल्याच वर्षी रांग लावून बसवली, ७४५ रुपये अधिक जीएसटी. तीच झाकायची! युरोपात म्हणे रॅकच्या मागे दुसरी प्लेट आणि दिव्यांची पट्टी टांगतात. इथे प्लेट एकदा कुलूपबंद ठोकली की ठोकली, आणि दुकानातून रंगवून आणलेली दुसरी लटकवली तर पोलिसाला आयताच मासा. शेवटी सलीमभाईंनी रॅकचे दांडे दोन खाचा वर घेतले. सगळं पुन्हा सोडून पुन्हा आवळलं. या वेळी अकरा मिनिटं. नंबर दिसला, दोन्ही मागचे दिवे दिसले. एवढ्यात मी उत्साहाने पाण्याची बाटली ठेवायला डिकी उघडायला गेलो आणि सलीमभाईंनी माझा हात धरला. "सायकली लटकलेल्या असताना डिकी नाही. शॉकर एवढं वजन पेलत नाही. डोक्यात येईल."

चाचणीला वारज्याच्या बाजूला हायवेवर गेलो, मी, सलीमभाई आणि पोरगी. गिअर मागे टाकताच सेन्सर किंचाळायला लागला, त्याला वाटलं मागे भिंत आहे. ते सोडून द्यायचं. साठच्या पुढे गेल्यावर मात्र मागून आवाज सुरू झाला. घूंऽऽ. तंबोऱ्याची एकच तार कोणी न थांबता छेडावी तसा. वेग वाढला की पट्टी चढायची. माझ्या पोटात गोळा. सलीमभाई हसले, गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरले आणि वरचे दोन पट्टे सैल करून प्रत्येकाला अर्धा पीळ देऊन पुन्हा लावले. बस. परत येताना आवाज नाही. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, पीळ दिला की त्याला थरथरायला धड बाजू मिळत नाही.

कट्ट्यावर परतलो तेव्हा मास्तर आणि मन्या गेले होते. नाना होते, पोरीला विचारत होते की डबलसीट येते का. आप्पा गाडीच्या मागे जाऊन रॅककडे बघत उभा होता. दांड्याच्या शेवटी रबराची एक खाच रिकामी होती, तिच्यात तो अंगठा घालून बघत होता.

"ही तिसरी जागा उद्या मोकळीच आहे ना?"

"आहे. का?"

"माझी जुनी सायकल आहे घरी. लग्नाआधीची. हवा भरावी लागेल."

"मग आण की. सकाळी सव्वापाचला निघतोय."

आप्पा जरा घुटमळला. "सकाळी नाही जमायचं. आत्ताच चला दोघं जण वर. ती ट्रेडमिलच्या मागे आहे, आणि ते धूड एकट्याला हलत नाही."